बालरोगतज्ज्ञ येत नाहीत, की आपण टिकू देत नाही?

"डॉक्टरांना खेड्यात जायचंच नसतं." ग्रामीण रुग्णालयातली बालरोगतज्ज्ञाची खुर्ची रिकामी दिसली की हे वाक्य पुढे केले जाते आणि विषय तिथेच संपतो. मला हे मान्य नाही. खुर्ची रिकामी राहते, कारण ती भरण्याची आपली पद्धतच माणसाला पळवून लावणारी आहे.

राष्ट्रीय मानकांनुसार साधारण 1,20,000 लोकसंख्येमागे (आदिवासी व डोंगराळ भागात 80,000) 30 खाटांचे सामुदायिक आरोग्य केंद्र हवे आणि तिथे बालरोगतज्ज्ञ हवा. आपल्याकडे हे काम ग्रामीण रुग्णालय करते. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या आकडेवारीनुसार देशभरात अशा केंद्रांत सुमारे 80 टक्के बालरोगतज्ज्ञ कमी होते.

"एमबीबीएस डॉक्टर आहे ना, तो बघेल," असे काहीजण म्हणतात. साध्या सर्दी-तापाला तो पुरेसा आहे. पण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. औषधाची मात्रा वजनावर ठरते. दीड किलोच्या बाळाची शीर सापडणे हेच मोठे कसब असते. नवजात बाळाला गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. ते फक्त दूध ओढेनासे होते, अंग गार पडते. 2020 मध्ये देशात दर हजार जन्मांमागे 28 बाळे वर्षाच्या आत दगावली. त्यातली 20 पहिल्या 28 दिवसांतली होती.

आता नोकरी कशी असते ते पाहा. करार बहुधा अकरा महिन्यांचा. तज्ज्ञ एकच, म्हणजे आठवड्याचे 168 तास जबाबदारी त्याचीच. भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही, आणि अडलेल्या बाळंतपणातले बाळ त्याच्या हाती येते तेव्हा उशीर झालेला असतो. शिकवून तयार केलेली नर्स बदलून जाते. बाळ दगावले की नातेवाइकांचा राग झेलायला तोच एकटा. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा हे प्रश्न त्यानंतरचे. अशा ठिकाणी कोण राहील?

यावर सरकारचे दोन उपाय आहेत: जास्त पगार आणि बंधपत्र. पैसा हवाच, पण पैशाने रात्रपाळीचा जोडीदार मिळत नाही. बंधपत्रावर आलेला डॉक्टर गाव ओळखू लागतो तोवर त्याचे वर्ष संपते. मेळघाटात तर तज्ज्ञ पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने पाठवले गेले. कुपोषित मुलाचे वजन महिनोन्महिने बघावे लागते. पंधरा दिवसांचा पाहुणा ते कसे बघणार?

"गडचिरोलीत तर गावातल्या बायकांनीच बाळं वाचवली," हाही युक्तिवाद ऐकू येतो. खरे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरवला. 'लॅन्सेट'मध्ये 1999 साली ते छापून आले. पण म्हणून तज्ज्ञ नको, असा अर्थ काढू नका. आशाताईंनी आजारी बाळ वेळेत ओळखून रुग्णालयात पाठवले, तर तिथे त्याला हातात घेणारा कोणीतरी हवाच.

म्हणून भरती एका माणसाची नको, पथकाची हवी. एका रुग्णालयात दोन बालरोगतज्ज्ञ, नाहीतर दोन शेजारच्या तालुक्यांत मिळून तीन. कायम नेमणूक आणि बदली कधी होणार हे आधीच लेखी. नवजात कक्षातल्या नर्सना किमान तीन वर्षे तिथून हलवू नये. आठवड्यातला एक दिवस तज्ज्ञाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन मुले तपासावीत, तिथल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना शिकवावे.

तुमच्या ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या सदस्यांना "डॉक्टर का येत नाही?" असे विचारू नका. विचारा: "मागचा का गेला, आणि त्यानंतर आपण काय बदललं?"