ताशा दोनदा वाजतो

मंगळवारी रात्री पावणेदहाला मी ताकभात कालवत होतो आणि खिडकीत एक डोकं उगवलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. "काका, तुम्ही जेवा. दोनच मिनिटं," असं म्हणून त्या डोक्यानं गजाला सुतळीनं एक काळा डबा आवळला, तोंड थेट माझ्या पानाकडे करून, आणि शिडीवरून ते खाली मावळलं.

डबा म्हणजे स्पीकर. चतुर्थीला आठ दिवस राहिलेत आणि आमच्या बोळातल्या मंडळानं यंदा 'म्युझिकल लायटिंग' करायचं ठरवलंय. मंडळाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर वर्गणी दुप्पट मागतील. पुण्याच्या मंडईच्या अवतीभवती गणपतींना काय तोटा! अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन 1894 पासूनचा, पलीकडे बाबू गेनू, चार पावलांवर दगडूशेठ. या थोरामोठ्यांत आमचं मंडळ म्हणजे भाजीवर फुकट मिळणारा कढीपत्ता. पण कढीपत्त्यालाही वाटतंच की आपला वास यावा.

अध्यक्ष चोवीस वर्षांचे आहेत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. माझ्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं प्रकरण या सदरात छापून आल्यापासून बोळातली कुठलीही वायर तुटली की लोक मला हाक मारतात. त्या लेखाचा शेवट रेडिओ जळण्यात झाला होता, हे कुणी वाचलेलं दिसत नाही. "काका, लाइट मस्त झालाय. आवाजाचा जरा घोळ आहे."

घोळ ऐकायला खाली गेलो. लाइट खरंच मस्त होता. आमच्या लहानपणी रोषणाई म्हणजे फळीवर ठोकलेले रंगीत बल्ब आणि मांडवामागे मोटारीवर फिरणारा एक लाकडी रूळ. रुळावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. पट्टी तारेला टेकली की बल्बांची एक ओळ पेटे, सुटली की विझे. त्या रुळातून निळ्या ठिणग्या उडत आणि समोरच्या मोरापेक्षा आम्ही पोरं मागे जाऊन त्या ठिणग्याच बघत बसायचो. गाणं वेगळं वाजायचं, मोर वेगळा नाचायचा, कुणाची तक्रार नव्हती. आता एकेका ठिपक्याला संगणक हुकूम देतो आणि ताशाच्या काडीगणिक कमानीवरचं एकेक कमळ उमलतं.

मांडवापाशी उमलतं, म्हणजे. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, चपलांच्या दुकानापाशी, आधी कमळ उमलत होतं आणि मग ताशा वाजत होता. वर तो दोनदा वाजत होता.

कारण साधं आहे. उजेडाला बोळ ओलांडायला वेळच लागत नाही. आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास चालतो. आमचा बोळ 70 मीटर (मी मोजलेला नाही, मांडववाल्यानं कापडाच्या हिशेबात सांगितला), म्हणजे मांडवाचा आवाज टोकाला पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण ताशाच्या दोन काड्यांमध्ये तेवढंच अंतर असतं. त्यात पोरांनी टोकालाही एक मोठा स्पीकर लावलेला. तारेतून आलेला ताशा तिथं लगेच वाजतो आणि मांडवाकडचा हवेतून मागाहून धापा टाकत येतो. शिवाय मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनी उतरतो. त्यामुळं टोकाच्या माणसाला ऐकू जावं म्हणून मांडवाचा आवाज चढवायचा, तर मधल्या घरातल्या माणसाचा ताकभात हलतो. कायद्याचं विचाराल तर 2000 सालचे नियम आहेत: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, बाजारपेठेत 65, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सणासुदीला बारापर्यंत सवलत, तीही वर्षाकाठी 15 दिवसांपेक्षा जास्त नाही. आमच्या घरातलं साधं बोलणंच साठाच्या घरात असतं. पाणीकपातीचा विषय निघाला की सत्तर.

अध्यक्षांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अजून दोन टॉप स्पीकर वाढवू?"

मी विरोध नोंदवला. विरोधाला मंडईत चांगली परंपरा आहे. ही इमारत 1886 साली रे मार्केट म्हणून उभी राहिली. त्याआधी नगरपालिकेत तिच्या खर्चाला ज्यांनी विरोध केला होता त्यांत जोतीराव फुले होते. पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई! त्या हिशेबानं आमच्या बोळातल्या स्पीकरच्या खांबाला कधी तरी माझं नाव लागायला हरकत नाही.

आता रविवारची गोष्ट. रविवारी सकाळी मी मंडईत जातो. मुख्य इमारतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एक मावशी पालेभाजी घेऊन बसतात. वीस वर्षं मी त्यांच्याकडून मेथी घेतो आणि वीस वर्षं त्या मला "ही तुमच्यासाठी ठेवली होती" असं सांगून वरचीच जुडी देतात. यंदा मावशींच्या पाटीशेजारी एक लाल भोंगा आलाय. मुलानं तपकीर गल्लीतून आणला. बॅटरीवर चालतो. आवाज त्यात मावशींचाच भरलेला: "कोवळी मेथी, दहाला जुडी, दहाला जुडी!"

मी दहाची नोट काढली. मावशी म्हणाल्या, "वीस."

"अहो, तुम्हीच म्हणताय ना दहा?"

"मी न्हाई, तो म्हणतोय. ते मागल्या महिन्यातलं हाय. मुलगा कंपनीत, रात्रपाळीला. त्याला सवड मिळाली की नवीन भरंल."

आणि मग मावशींनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. भोंगा म्हणाला, "दहाला जुडी!" लगेच त्यावर मावशी ओरडल्या, "वीसला, वीसला!" भोंगा पुन्हा दहा. मावशी पुन्हा वीस. पूर्वी त्या एकदा ओरडत, आता स्वतःलाच उत्तर द्यायला दुप्पट ओरडतात. घसा बसलाय. आलं-खडीसाखर खातायत.

"मग बंद करा की."

"बंद कसा करू? त्यो बघा."

पलीकडे एका हातगाडीवर कोथिंबिरीचा ढीग होता आणि ढिगावरच्या भोंग्यातून आवाज येत होता तोही मावशींचाच! गाडीवाल्यानं मोबाइलवर उतरवून नेलाय म्हणे. वाक्यातली मेथी जशीच्या तशी, विकायला कोथिंबीर. गिऱ्हाईक "मेथी कुठाय?" म्हणून विचारतं, तेवढ्यात तो कोथिंबीर गळ्यात मारतो. त्याच्या पुढं कांदेवाल्याचा भोंगा, त्याच्या पुढं लसणाचा, सगळे एकदम. मेट्रोच्या जिन्यातून वर आलेली माणसं क्षणभर कुठं वळावं ते न कळून तिथंच थबकतात. ज्या मंडईला आपण कौतुकानं विद्यापीठ म्हणत आलो, तिथं सगळे प्राध्यापक एकाच वर्गात शिरल्यासारखं वाटलं.

त्या अष्टकोनी इमारतीच्या आत जाऊन बघा. उंच छप्पर, आठ दिशांना पसरलेले सोपे, आणि गाळ्यांवरची माणसं अजून गळ्यानंच बोलतात. गलका असतो, पण त्यातलं "या काका, वांगी बघा" मला नेमकं कळतं, कारण ते माझ्याकडे बघून म्हटलेलं असतं. समोर उभ्या असलेल्या पुतळ्यातल्या लोकमान्यांनी तर हजारोंच्या सभा गळ्याच्या जोरावर केल्या. 1920 साली ते गेले, भोंग्यांचा जमाना त्यांनी पाहिला नाही. आता विसर्जनाची मिरवणूक त्या पुतळ्यापासूनच निघते आणि तीस तासांच्या आसपास चालते. त्या तासांत पुतळ्याला काय ऐकावं लागतं, यावर मी मागं एकदा लिहिलं तेव्हा सात पत्रं आली होती, त्यातली पाच शिव्यांची.

तेवढ्यात मावशींच्या भोंग्याची बॅटरी संपली. दहाला जुडी, दहाला जु... आणि थांबला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि समोरून जाणाऱ्या एका बाईंना हळूच म्हणाल्या, "ताई, मेथी बघा." ताई थांबल्या. पाच मिनिटांत चार जुड्या गेल्या.

"बघितलंत?" मी म्हणालो.

"त्यात काय बघायचं? गिऱ्हाईक दोन हातांवर असतंय. त्याच्या कानाला पुरंल एवढंच बोलायचं. लांबच्याला कशाला वरडायचं, त्यो लसूण घ्यायला चाललाय." आणि मग, "बॅटरी कुठं भरून मिळंल का हो जवळ?"

मेथी घेऊन (वीसला) घरी आलो आणि अध्यक्षांना बोलावलं. मोठे दोन स्पीकर परत पाठवायला सांगितले. त्यांच्याऐवजी दर दहा-बारा मीटरवर एक छोटा, पुरुषभर उंचीच्या थोडा वर, तोंड खाली वाकवून. म्हणजे आवाज खाली उभ्या असलेल्या माणसावर पडतो, खिडकीत चढत नाही, आणि भाद्रपदातला पाऊस आत साचत नाही. सगळे एकाच लाइनवर, रेल्वे स्टेशनवर असतात तसे. आवाज इतकाच की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या हद्दीत पोचता पोचता विरावं. मग कमळ आणि ताशा सगळीकडे बरोबर, आणि ताशा एकदाच. तारांचे जोड जमिनीवर नकोत, वर टांगायचे, हेही सांगितलं. अध्यक्ष वहीत लिहून घेत होते. शेवटी त्यांनी एकच शंका विचारली, "पण काका, मग छातीत धडधडणार नाही ना?"

नाही, म्हटलं. छातीत धडधडणार नाही.

त्यांचा चेहरा पडला. कार्यकारिणीत मतदान झालं म्हणे. आठ विरुद्ध पाच. छोटे स्पीकर पास झाले, ते स्वस्त पडतात म्हणून. मोठ्यांपैकी एक मात्र विसर्जनासाठी राखून ठेवलाय, त्यावर चर्चा नाही.

माझ्या गजावरचा डबा काल उतरवला. सुतळी तशीच आहे, तिच्यावर बायकोनं वेलदोडे घातलेली कापडी पुरचुंडी वाळत टाकलीय. मावशींचा भोंगा आज सकाळी चालू होता. अजून दहाच म्हणतोय.

रोषणाई रोज संध्याकाळी साडेसात ते दहा. बघायला आलात तर मांडवापाशी रेटारेटी करू नका. बोळाच्या टोकाला, चपलांच्या दुकानापाशी उभे राहा आणि ताशा किती वेळा वाजतो ते मोजून मला कळवा.