दारात पोलीस, घरात आजारी माणूस

प्रभादेवीच्या एका जुन्या चाळीत आमचे नेहमीचे येणेजाणे आहे. तेथील एक माऊली आमच्या चांगल्या परिचयाची. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, पुढे तोही गेला. धुणीभांडी करून तिने दोन मुलांना शिकविले. धाकटा कुरिअरच्या कामावर लागला आणि घराला जरा बरे दिवस आले.

तीन वर्षांपूर्वी त्या मुलाची झोप उडाली. भिंतीपलीकडून कोणी बोलते, आपल्याला मारायला माणसे येणार आहेत, असे तो म्हणू लागला. चाळीत बोभाटा नको, पोराचे लग्न व्हायचे आहे, म्हणून घरच्यांनी महिनाभर गोष्ट झाकून ठेवली. एका रात्री त्याने भांडी गॅलरीत फेकली आणि विळी हातात घेऊन तो दारात उभा राहिला. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला.

पोलीस आले. गर्दी पाहून त्यांनी आवाज चढविला. आवाज चढला तसा मुलगा अधिकच भ्याला. मग काठी आली, मग दोरी आली. ती रात्र मुलाने कोठडीत काढली आणि आईने बाहेरच्या बाकावर. पुढे ती आम्हांला म्हणाली, "माझ्या पोराने चोरी नाही केली. मग त्याला चोरासारखे का धरले?"

वाचकहो, या आईच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच दिले आहे. आपल्याला ते ठाऊक नसते, एवढेच.

एके काळी आपल्या देशात गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांनाही तुरुंगात ठेवीत. पश्चिम बंगालच्या तुरुंगांतील अशा माणसांचा प्रश्न शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेल्या. त्यापूर्वी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांसाठीही त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले होते. १९९३ साली न्यायालयाने सांगितले की, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आहे, घटनाबाह्य आहे.

आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम १०० प्रत्येक घराने पाठ करून ठेवावे असे आहे. मानसिक आजारामुळे कोणी रस्त्यावर भटकत असेल व स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, किंवा त्याच्यापासून त्याला वा इतरांना धोका असेल, तर त्याला संरक्षणात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. अटक नव्हे, संरक्षण! का नेत आहोत हे त्याला किंवा त्याच्या माणसांना सांगितले पाहिजे. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात तपासणीसाठी नेले पाहिजे. आणि काहीही झाले तरी त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. माणूस बेघर असेल तर बेपत्ता म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणे हेही पोलिसांचेच काम आहे. शिवाय अशा रुग्णाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला सांगण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे.

पैसेवाल्याच्या घरी असे झाले तर डॉक्टर घरी येतो आणि गोष्ट चार भिंतींत राहते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सर्वांच्या आधी पोलीस पोहोचतो. म्हणून हा कायदा सर्वांत जास्त आपल्या उपयोगाचा आहे.

सगळा दोष पोलिसांच्या माथी मारूनही चालणार नाही. बारा-बारा तास बंदोबस्त करणाऱ्या शिपायाला हा आजार कोणी समजावून सांगितला? अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ साली पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मेला. लोक खवळले. १९८८ पासून तेथे निवडक पोलिसांना ४० तासांचे शिक्षण देऊ लागले : आवाज खाली ठेवणे, घाई न करणे, आजाऱ्याला बोलू देणे. आपल्या कायद्याच्या कलम ३० मध्येही पोलिसांना असे शिक्षण वेळोवेळी द्यावे असे लिहिले आहे. ते दिले जाते काय, हे मोहल्ला कमिटीत आणि नगरसेवकाकडे आपणच विचारले पाहिजे.

त्या माऊलीची पुढची हकीकत ऐका. गेल्या पावसाळ्यात मुलाने गोळ्या सोडल्या आणि लक्षणे पुन्हा दिसू लागली. या वेळी तिने लपविले नाही. विळी, सुरी, रॉकेल आधीच शेजारी नेऊन ठेवले. केसपेपर आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ती स्वतः ठाण्यात गेली आणि म्हणाली, "साहेब, माझा मुलगा आजारी आहे. कलम १०० प्रमाणे मदत द्या." फौजदार भला माणूस निघाला. त्याने साध्या कपड्यातला हवालदार पाठविला. हवालदाराने आधी गॅलरीतली गर्दी हटविली आणि उंबऱ्यावर बसून मुलाला विचारले, "भाऊ, जेवलास का?" अर्ध्या तासाने मुलगा, आई आणि हवालदार टॅक्सीने परळच्या केईएम रुग्णालयात गेले. दोरी लागली नाही. आज तो मुलगा पुन्हा कामावर जातो.

पहिल्या रात्री आणि दुसऱ्या वेळी मुलगा तोच होता, आजार तोच होता. बदलली ती आजूबाजूची माणसे.

म्हणून सांगतो, आजार लपवू नका. केसपेपर हाताशी ठेवा. फोन करताना "एक जण दंगा करतोय" असे न म्हणता "आजारी माणूस आहे, रुग्णालयात न्यायचे आहे" असे सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा; तो मोफत आहे. मांत्रिकाच्या नादी लागून आजाऱ्याला बांधू नका, मारू नका. भूत उतरविण्याच्या नावाखाली असे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्यानेही मनाई आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण आगीत जळाले. २८ जण गेले. त्यांना पळताही आले नाही.

पटाचारेची कथा आपल्या घरांत सांगितली जाते. पती, मुले, आईबाप एका फेऱ्यात गमावून ती भान हरपून भटकत होती. लोक तिला हाकलीत, माती फेकीत. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले आणि भगिनी म्हणून हाक मारली. कोणीतरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. त्या एका हाकेने ती भानावर आली.

उद्या आपल्या चाळीत कोणाचे भान हरपले, तर गॅलरीत तमाशा पाहणाऱ्यांत आपण असू, की वस्त्र टाकणाऱ्यांत? आज रात्री जेवताना घरात एवढे बोलून ठेवा.