थांबवण्याचा दिवसही लिहावा

वेदनाशमन हे वैद्यकाचे आद्य कर्तव्य होय, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु वेदनाशामक औषध केव्हा सुरू करावे याचा विचार आपण जितक्या काटेकोरपणे करतो, तितका ते केव्हा थांबवावे याचा करीत नाही. थांबवण्याचा दिवस चिठ्ठीवर क्वचितच आढळतो, आणि व्यसन नेमके याच रिकाम्या जागेतून शिरते. येथे ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन अशी अफूवर्गीय औषधे अभिप्रेत आहेत.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात अशी औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसनाची नोंद आढळली, असे त्यात म्हटले होते. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. तरीही सहाशेहून अधिक लेखनांत त्याचा आधार घेतला गेला. १९९६ साली बाजारात आलेल्या ‘ऑक्सिकॉन्टिन’च्या उत्पादकांनी व्यसनाचा धोका कमी असल्याचा प्रचार केला आणि २००७ साली त्याबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर गावेच्या गावे पोखरली गेली होती. गोळी मिळेनाशी झाली, तेव्हा अनेक जण हेरॉइनकडे वळले.

आपल्याकडे ट्रॅमाडॉल दीर्घकाळ निरुपद्रवी मानले गेले. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्टानुसार विक्रेत्याने त्याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले आणि एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १ टक्का लोक औषधी स्वरूपातील अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करीत होते. कायदा दुकानापर्यंत पोहोचला, तरी सवयीची सुरुवात अनेकदा आपल्याच टेबलावर होते.

काही आठवडे गोळी घेतल्यानंतर ती चुकली, की अंग मोडून येते, नाक गळते, जांभया येतात, पोट बिघडते, झोप उडते. रुग्णाला वाटते, दुखणे उलटले. तो पुन्हा गोळी घेतो, त्याला बरे वाटते आणि गैरसमज पक्का होतो. मात्रा वाढली की ट्रॅमाडॉलने झटके येऊ शकतात. मद्य वा झोपेच्या गोळ्यांची जोड मिळाल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतते.

यावर उपाय म्हणून ही औषधेच टाळावीत, असे कोणी म्हणेल. ते मान्य होण्याजोगे नाही. आपल्या माळव्यात, नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया होते. असे असूनही देशातील असंख्य कर्करुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहतात. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ही वाट सुकर केली. आपल्या भीतीने ती पुन्हा बंद होऊ नये. उणी व्हायला हवी ती करुणा नव्हे, तर ढिलाई.

यास्तव चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या आणि थांबवण्याचा दिवस स्पष्ट लिहावा. मद्य, झोपेची औषधे व पूर्वीचे व्यसन यांची चौकशी आधीच करावी. रुग्णास पाहिल्यावाचून औषध पुन्हा देऊ नये. ज्याने औषध दीर्घकाळ दिले, त्यानेच मात्रा क्रमाक्रमाने उतरवण्याची जबाबदारी घ्यावी. रुग्णाला ‘व्यसनी’ ठरवून दारातून परत पाठवू नये. ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार उपलब्ध असताना तसे करणे म्हणजे त्याला काळ्या बाजाराकडे ढकलणे होय.

समाजबांधवांनाही एक विनंती. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या वा जुनी चिठ्ठी वापरू नये आणि घरात अशी सवय जडली असल्यास अब्रूच्या भयाने ती लपवू नये. मधुमेह आपण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगतो. हाही आजारच आहे, आणि वेळीच सांगितला तर त्यातून माणूस बाहेर येऊ शकतो.