‘माझा’ म्हणजे कोणाचा?

गावात बातमी प्रथम कोणाच्या घरी येते आणि गावातील कोणाची बातमी बाहेर जाते, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक असतील त्याला त्या गावाची समाजरचना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्वी वृत्तपत्र चावडीवर येई. ज्यांना अक्षर येत होते ते वाचीत. आणि गावकुसाबाहेर पोहोचे तो त्या बातमीचा उरलासुरला भाग. वस्तीतून बाहेर जाणारी बातमी तर पोलीस ठाण्याच्या नोंदवहीपलीकडे क्वचितच जाई. आज बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांच्या घरीही दूरचित्रवाणी संच आला आहे आणि मुंबईत घडलेली गोष्ट घडताक्षणीच तेथे दिसते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलले काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आणि त्यासाठी चोवीस तास चालणाऱ्या एका मराठी वृत्तवाहिनीचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी मराठी बातम्यांना ठराविक वेळ होती. बातम्या सरकारच्या होत्या आणि त्या संपल्या की संपत. दिवसरात्र बातम्याच देणारी वाहिनी ही कल्पना अमेरिकेत टेड टर्नर यांनी १ जून १९८० रोजी अटलांटा शहरातून सीएनएन सुरू करून प्रत्यक्षात आणली. १९९१ च्या आखाती युद्धात त्या वाहिनीने बगदादवरील बॉम्बवर्षाव जगाला घरबसल्या दाखविला. त्याच सुमारास आपल्या देशात उपग्रहाचे संकेत पकडणाऱ्या तबकड्या गच्चीगच्चीवर उभ्या राहिल्या आणि खांबावरून खांबावर तारा टाकणारा केबलवाला हा नवा व्यावसायिक जन्मास आला. या धंद्याला १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी अधिनियमाने कायद्याची चौकट दिली. त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निर्णय दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हा निर्णय वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

१९९८ साली स्टार न्यूज ही वाहिनी सुरू झाली. मार्च २००३ मध्ये केंद्र सरकारने वृत्तवाहिन्यांतील परकीय भांडवलाला २६ टक्क्यांची मर्यादा घातली. तेव्हा स्टार कंपनीने कलकत्त्याच्या आनंदबझार समूहाशी भागीदारी केली. समूहाचे ७४ टक्के आणि स्टारचे २६ टक्के अशी ही वाटणी होती. याच भागीदारीने २२ जून २००७ रोजी ‘स्टार माझा’ ही चोवीस तासांची मराठी वृत्तवाहिनी काढली. त्याच वर्षी थोडे अगोदर ‘झी २४ तास’ आली होती. पुढील वर्षी ‘आयबीएन लोकमत’ आली. २०१२ साली स्टारने भागीदारीतून अंग काढून घेतले आणि १ जूनपासून वाहिनीचे नाव ‘एबीपी माझा’ झाले. नावाचा पहिला शब्द बदलला. ‘माझा’ तेवढा कायम राहिला. ‘उघडा डोळे, बघा नीट’ हे तिचे घोषवाक्य तर आमच्या मुलांच्याही तोंडी बसले.

या वाहिनीने मराठी माणसाचे काहीच हित केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंत्रालयात ठरणारी गोष्ट खेड्यातल्या माणसाला त्याच दिवशी, त्याच्याच भाषेत कळू लागली. दुष्काळ आणि महापूर शहरवासीयांच्या दिवाणखान्यात जाऊन उभे राहिले. मंत्र्याला मराठीत उत्तर द्यावे लागू लागले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर वाहिन्यांच्या गाड्या उभ्या राहतात, हेही आम्ही पाहतो. परंतु वर्षातील दोन दिवस जनसागर दाखविणे आणि उरलेले ३६३ दिवस त्या सागरातील माणसाचे काय होते ते पाहणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच असा प्रश्न उपस्थित होतो की, ‘माझा’ हा शब्द या वाहिनीवर नेमका कोण उच्चारतो?

२९ सप्टेंबर २००६ ही तारीख कोणीही बौद्ध विसरू शकत नाही. त्या दिवशी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. चोवीस तासांची मराठी वाहिनी तेव्हा जन्माला यावयाची होती हे खरे. पण हिंदी आणि इंग्रजी वाहिन्या दिवसरात्र चालतच होत्या. ‘आज तक’ला तर पाच वर्षे होऊन गेली होती. असे असूनही या अत्याचाराला पडद्यावर ठळक जागा मिळण्यास आठवड्यांमागून आठवडे गेले. नोव्हेंबरात नागपूर, अमरावती आणि अन्य शहरांत आमचे लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे त्या वाहिन्यांचे लक्ष तिकडे वळले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घड्याळाचे तास वाढविल्याने दृष्टी वाढत नाही. जो डोळा दिवसातून १५ मिनिटे एका दिशेस पाहतो तोच डोळा चोवीस तास उघडा ठेवला, तर तो त्याच दिशेस चोवीस तास पाहील.

ही दिशा कशाने ठरते? कोणा एका संपादकाच्या मनातील दुष्टपणाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे कारण नव्हे. वाहिनी जगते ती जाहिरातींवर. जाहिरात मिळते ती प्रेक्षकसंख्येवर आणि प्रेक्षकसंख्या ठरते ती काही निवडक घरांत बसविलेल्या मापकयंत्रांवरून. ऑक्टोबर २०१५ पूर्वी या मोजणीत खेड्यातील घरे धरलीच जात नव्हती. याचा अर्थ असा की, ‘माझा’ म्हणविणाऱ्या वाहिनीच्या आयुष्याची पहिली आठ वर्षे महाराष्ट्रातील खेड्यात कोण काय पाहतो याचा हिशोब तिच्या उत्पन्नात नव्हताच. पुढे खेडी मोजणीत आली. २०२० च्या सुमारास देशातील २१ कोटी संचधारक घरांच्या वतीने सुमारे ४४ हजार घरे मत देत होती, म्हणजे एका घराने पावणेपाच हजार घरांची आवड सांगावयाची! ऑक्टोबर २०२० मध्ये या आकड्यांत गैरप्रकार झाल्याच्या आरोपावरून वृत्तवाहिन्यांची मोजणीच बंद ठेवावी लागली, ती मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्या वस्तीकडे साबणाच्या आणि मोटारीच्या जाहिरातदाराचे लक्ष नाही, तिच्याकडे कॅमेऱ्याचे लक्ष जावे कशाला, असा हा रोकडा व्यवहार आहे.

दुसरे कारण याहून खोल आहे. बातमी कोणती आणि किरकोळ घटना कोणती, हे ठरविणाऱ्या खुर्चीवर कोण बसते? २००६ साली दिल्लीतील ३७ राष्ट्रीय माध्यमसंस्थांमधील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली. त्यांत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी मुख्यतः हिंदी व इंग्रजी माध्यमांची पाहणी केली. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जातीजमातींचा एकही मनुष्य नव्हता. दोन पाहण्यांमध्ये १३ वर्षे गेली, शेकडो वाहिन्या निघाल्या, पण आमच्या बाबतीत शून्याचे शून्यच राहिले. मराठी वाहिन्यांनी आपली अशी मोजणी स्वतः होऊन जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे. आकडे चांगले असतील तर ते लपविण्याचे कारण नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघ सर्व वाहिन्यांचे तीर्थक्षेत्र बनला होता. सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांची, म्हणजे एकाच घराण्यातील नणंद-भावजयींची लढत असल्याने महिनोन्महिने पडद्यावर बारामतीच होती. ७ मे रोजी मतदान झाले, ४ जूनला सुळे विजयी झाल्याचा निकाल लागला. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा हा मतदारसंघ. तो सारा एका घराच्या अंगणाएवढा करून दाखविण्यात आला. कोण कोणाच्या घरी जेवावयास गेले आणि कोणी कोणाकडे पाहून मान फिरविली, याची चर्चा तासन् तास चालली. वाचकांनी आठवून पाहावे: त्या काळात भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या इंदापूर तालुक्यातील भूमिहीन मजुराची मजुरी, वस्तीची स्मशानभूमी, शिष्यवृत्तीसाठी थांबलेला विद्यार्थी यांपैकी काय काय आणि किती मिनिटे पडद्यावर दिसले? ज्या भागावर राज्यातील प्रत्येक कॅमेरा रोखलेला होता त्या भागातील माणूसही अदृश्य राहू शकतो, हा बारामतीने दिलेला धडा आहे. प्रकाश कमी असल्याने आम्ही दिसत नाही असे नाही. प्रकाशाचा झोत दुसरीकडे धरलेला असतो म्हणून दिसत नाही.

यावर आमचे काही तरुण म्हणतात, ‘आपणांस या वाहिन्यांची गरजच काय? आपण आपली माध्यमे काढू.’ हा विचार थोर परंपरेचा आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पैसे देऊ करूनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नव्हती. त्यानंतर १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. नागपूरहून चालणाऱ्या लॉर्ड बुद्ध टीव्ही आणि आवाज इंडिया या वाहिन्या त्याच वाटेने निघालेल्या आहेत. त्यांना आपण बळ दिलेच पाहिजे. तथापि केवळ तेवढ्याने भागणार नाही. आपल्या घरात आपण बोललो तर आपले धैर्य वाढते. परंतु ज्यांनी आपले दुःख ऐकावयाचे त्यांच्या कानावर ते जात नाही. आणि ध्वनिलहरी जर सार्वजनिक मालमत्ता असतील, तर त्या मालमत्तेत आमचाही हिस्सा आहे. गावच्या पाण्यावर हक्क सांगताना ‘आम्ही आमची वेगळी विहीर खणू’ एवढे म्हणून महाडचा सत्याग्रह झाला नसता. तळे सर्वांचे होते, म्हणून त्या तळ्यावर जावयाचे होते. पडद्याचेही तसेच आहे.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट कायद्याची. केबल दूरचित्रवाणी नियमांप्रमाणे कोणत्याही धर्मावर वा समाजावर हल्ला करणारा किंवा धार्मिक समूहाचा अवमान करणारा कार्यक्रम दाखविण्यास बंदी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार प्रेक्षकाची लेखी तक्रार आली की वाहिनीने २४ तासांत पोच द्यावी व १५ दिवसांत निर्णय कळवावा. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येते. कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि उच्चारलेले शब्द लिहून ठेवले तर मॅट्रिक झालेली मुलगीही ही तक्रार लिहू शकेल. मात्र हा उपाय जे दाखविले गेले त्यापुरताच आहे. जे दाखविलेच नाही, त्या मौनाविरुद्ध तक्रार नोंदविण्याचा रकाना कोणत्याही कायद्यात नाही.

मौनावर उपाय आमच्याच हाती आहे. प्रत्येक विहारात एक नोंदवही असावी. वस्तीत घडलेली घटना, दिनांक, ठिकाण, अर्ज कोणाकडे दिला आणि काय उत्तर आले, हे तीत त्याच दिवशी लिहिले जावे. तालुक्याच्या वार्ताहराला तोंडी हकिकत सांगितली की ती ‘आरोप’ ठरते. कागद हाती दिला की तिला पुराव्याचे वजन येते. खैरलांजीचे सत्य बाहेर आणण्यासाठी कार्यकर्त्यांना जी पायपीट करावी लागली ती आम्ही विसरता कामा नये. तिसरी गोष्ट अशी की, आमच्या मुलामुलींना डॉक्टर, इंजिनिअर व सरकारी अधिकारी करण्याची आमची इच्छा योग्यच आहे. पण दर दहा घरांतील एखादे तरी मूल पत्रकारितेकडे वळावे. बातमी निवडणाऱ्या खुर्चीवर आमचा मनुष्य बसल्यावाचून तिची दिशा कायमची बदलणार नाही.

शेवटी पाहणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून वा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही खरे मानू नका, आपल्या अनुभवाने पारखून घ्या, असा उपदेश भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना केला. पडद्यावर मोठ्या तांबड्या अक्षरांत आले म्हणून ते खरे, हीदेखील एक नवी अंधश्रद्धाच आहे. नवदीक्षित कुटुंबांनी जुने देव घरातून काढले, ते त्या जागी चोवीस तास बोलणारा नवा देव बसविण्यासाठी नव्हे.

डोळे उघडून नीट बघा, असे वाहिनी आम्हांस सांगते. आम्ही ते मान्य करतो आणि तोच आग्रह तिच्याकडे धरतो. बारामतीच्या बंगल्यापासून इंदापूरच्या शेवटच्या वस्तीपर्यंतचा रस्ता काही फार लांबचा नाही. निवडणूक नसलेल्या एखाद्या साध्या दिवशी त्या रस्त्याने तिची गाडी येईल, वस्तीतल्या माणसाला त्याचे नाव विचारील आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेईल, त्या दिवशी ‘माझा’ हा शब्द त्या माणसालाही उच्चारता येईल. तोवर आमची नोंदवही उघडी राहिली पाहिजे.