पंचाची पायरी

दुसऱ्यांच्या भांडणाचा निवाडा करणें फार सोपें आहे, असें घरीं बसून प्रत्येकास वाटत असतें. सामना क्रिकेटचा असो वा फुटबॉलचा, पंचाचा निर्णय कसा चुकला हें सांगणारे चार जण दर ओसरीवर सांपडतात. परंतु तो पंच तेथवर कसा पोंचला, त्यास तेथें कोणीं उभें केलें, आणि त्या जागेसाठीं त्यास कोणत्या परीक्षा द्याव्या लागल्या, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. या महिन्यांत वाचकांपुढें तोच विषय ठेवावयाचें योजिलें आहे. कारण आपल्या घरांतील मुलामुलींस ही वाट आज मोकळी आहे, आणि त्या वाटेवरचा सर्वांत मोठा कांटा कित्येकदां आपण वडीलधारीं माणसेंच असतों.

आमच्या रत्नागिरीकडे क्रिकेट, कबड्डी व खो-खो यांचें प्रस्थ अधिक. फुटबॉलचें खरें वेड पाहावयाचें तर आंबा घाट चढून कोल्हापुरास जावें, दक्षिणेस गोव्यांत उतरावें, किंवा मुंबईची वाट धरावी. कोल्हापुरांत पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचींच नांवें फुटबॉलच्या संघांनीं धारण केलेलीं आहेत. शाहू स्टेडियमवर एका पेठेचा संघ दुसऱ्या पेठेच्या संघाशीं भिडला म्हणजे तो केवळ खेळ राहत नाहीं. पेठेची अब्रू पणास लागते. अशा दोन पेठांच्या मध्यें शिट्टी घेऊन उभा राहणारा मनुष्य हा या लेखाचा नायक होय.

‘रेफरी’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ, ज्याच्याकडे वाद सोंपवावा तो, असा आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत प्रत्येक पक्ष आपापला एक पंच आणीत असे. त्या दोघांचें एकमत न झालें, तर मैदानाबाहेर असलेल्या तिसऱ्याकडे वाद नेत; तो तिसरा म्हणजे रेफरी. आपल्याकडील शास्त्रार्थाच्या सभेंत वादी, प्रतिवादी आणि मध्यस्थ असत, त्यांतला हा मध्यस्थच म्हणावयाचा. १८९१ सालीं या मध्यस्थास मैदानांत आणून निर्णयाचा अधिकार त्याच्या हातीं देण्यांत आला, आणि पूर्वीच्या दोन पंचांच्या जागीं रेषेवर निशाण घेऊन उभे राहणारे साहाय्यक आले. एकाच माणसाच्या शब्दावर बावीस जणांचा खेळ चालावयाचा, तर तो माणूस लायक आहे कीं नाहीं, हें ठरविण्याची कांहीं पद्धति पाहिजेच. तींतूनच पुढें पंचांचे वर्ग आणि परीक्षा निर्माण झाल्या.

आपल्या देशांत १९३७ सालीं स्थापन झालेला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ हा या व्यवस्थेचा मुख्य चालक असून, महाराष्ट्रांत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही राज्याची संघटना आहे. पंचांचे वर्ग आगगाडीच्या डब्यांप्रमाणें मोजतात. आंकडा जितका लहान, तितका मान मोठा. नवशिका मोठ्या आंकड्याच्या वर्गांत दाखल होतो आणि एकेक आंकडा मागें टाकीत पहिल्या वर्गाकडे चढतो. खालचे वर्ग राज्याच्या कक्षेंत, वरचे महासंघाच्या कक्षेंत, आणि सर्वांच्या माथ्यावर ‘फिफा’ या जागतिक संघटनेची यादी, अशी ही उतरंड आहे. इंग्लंडांतही आंकडा घटवीत वर चढण्याचीच रीत आहे. अमेरिकेनें मात्र २०१९ पासून आंकडे सोडून तळचा, विभागीय, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अशीं नांवें स्वीकारलीं. कबड्डीच्या पंचपरीक्षा आमच्या जिल्ह्यांतील तरुणांस परिचित आहेत; त्यांनीं हें सर्व त्याच जातीचें समजावें.

या परीक्षेचीं अंगें तीन. पहिलें अंग नियमांचें. फुटबॉलचे नियम अवघे १७; पाठांतराची संवय असलेल्या मुलानें आठ दिवसांत मुखोद्गत करावे इतके. परंतु खरा प्रश्न ‘अमुक नियम सांगा’ असा नसतो, ‘असें घडलें तर काय कराल’ असा असतो. रेषेबाहेरून हातांनीं चेंडू आंत टाकणाऱ्यानें तो सरळ प्रतिपक्षाच्या गोलांत फेकला, तर गोल द्यावा काय? देऊं नये, प्रतिपक्षास गोल-किक द्यावी. आणि चुकून तो स्वतःच्याच गोलांत गेला तर? तरीही गोल नाहीं. प्रतिपक्षास कॉर्नर मिळते. सूत्र पाठ असणें निराळें आणि प्रसंगीं त्याचा विनियोग करतां येणें निराळें, हें ज्यांनीं व्याकरणाचा अभ्यास केला आहे त्यांस सांगावयास नको.

दुसरें अंग शरीराचें. मोठ्या सामन्यांत पंचाचें धांवणें-चालणें दहा-बारा किलोमीटर सहज होतें. फिफानें आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांसाठीं वापरांत आणलेल्या कसोटींत ४० मीटरची धांव सहा वेळां, आणि प्रत्येक वेळीं ६ सेकंदांच्या आंत पुरी करावी लागे. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धांवणें व २५ मीटर १८ सेकंदांत चालणें, असें ४० वेळां. म्हणजे एकंदर चार किलोमीटर. खालच्या वर्गांस कसोटी सौम्य असते. परंतु दमलेल्या माणसाची नजरही दमते, म्हणून पाय आणि न्याय यांचा संबंध कोणत्याही वर्गांत सुटत नाहीं.

तिसरें अंग प्रत्यक्ष कामाचें, आणि तेंच सर्वांत कठीण. पंच सामना चालवीत असतां एक निरीक्षक बाहेर बसून त्याचें काम पाहतो. निर्णय बरोबर आले कीं चूक, एवढेंच तो पाहत नाहीं. निर्णय देतांना पंच कोठें उभा होता, चेंडूपासून किती लांब होता, साहाय्यकाचें निशाण त्यानें वेळेवर पाहिलें काय, खेळाडू अंगावर धांवून आले तेव्हां त्याचा स्वर चढला काय, आणि पहिल्या मिनिटास जें माप लावलें तेंच शेवटच्या मिनिटासही लावलें काय, हें तो टिपून ठेवतो. सामना संपल्यावर दोघांचें बोलणें होतें व अहवाल लिहिला जातो. पुरेसे सामने झाले, अहवाल चांगले आले, मध्यें ठराविक काळ गेला, म्हणजे पुढच्या वर्गाची परीक्षा. ज्यांचें आयुष्य विद्यार्थ्यांचे पेपर तपासण्यांत गेलें, त्यांसही या पद्धतीचा हेवा वाटावा. कारण येथें तीन तासांच्या पेपरावर माणसाची किंमत ठरत नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मॅट्रिकचें प्रमाणपत्र एकदां पेटींत ठेविलें कीं जन्मभर पुरतें. पंचाचें तसें नाहीं. फिफाची यादी दर वर्षीं नवी होते आणि पंचाच्या छातीवरील बिल्ल्यावर त्या वर्षाचा आंकडा असतो; वर्ष संपलें कीं बिल्ला जुना. या यादींत येण्यास पंचाचें वय किमान २५ व साहाय्यकाचें किमान २३ वर्षें लागतें. नियमही स्थिर नसतात. १८८६ सालीं स्थापन झालेलें नियममंडळ त्यांत फेरफार करीत असतें. पूर्वीं चेंडू पंचाच्या अंगावर आदळला तर खेळ तसाच चाले. पंच हा जणूं मैदानांतला एक खांब. २०१९ पासून असा आदळलेला चेंडू गोलांत गेला, प्रतिपक्षाच्या ताब्यांत गेला, किंवा त्यामुळें नवी चढाई सुरू झाली, तर खेळ थांबवून चेंडू पुन्हा टाकावा लागतो. म्हणजे २०१८ सालीं उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झालेला पंच, पुस्तक मिटून बसला असता तर, पुढच्याच वर्षीं चुकीचा न्याय देता.

या क्षेत्रांत शिक्षकवर्गाचा वांटा मोठा आहे, हें सांगतांना थोडा अभिमान वाटतो. इंग्लंडांतील स्टॅन्ले राऊस हे शाळामास्तर. त्यांनीं १९३४ सालच्या एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत पंचाचें काम केलें, १९३८ सालीं नियमांची नीट मांडणी करून दिली, आणि १९६१ सालीं ते फिफाचे अध्यक्ष झाले. केन ॲस्टन हेही पेशानें शिक्षकच. १९६६ च्या विश्वचषकांत पंचानें कोणास ताकीद दिली हेंच भाषेच्या अडचणीमुळें कळेना, तेव्हां रस्त्यावरील दिव्यांचे रंग पाहून त्यांस पिवळ्या व तांबड्या पत्त्यांची युक्ति सुचली. १९७० सालच्या मेक्सिकोंतील स्पर्धेपासून ती अमलांत आली. न्याय नुसता योग्य असून भागत नाहीं, तो सर्वांस समजलाही पाहिजे, हें शिक्षकाच्याच ध्यानांत यावें यांत नवल नाहीं.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. या जिन्याची सर्वांत अवघड पायरी कोणती? वरची असें वाटेल. परंतु ती सर्वांत खालची आहे. वरच्या पंचास दोन शिकलेले साहाय्यक असतात, बाहेर चौथा अधिकारी असतो, आणि २०१८ पासून नियमांत आलेली चित्रफीत पाहण्याची सोयही मोठ्या स्पर्धांत मिळते. खालचा पंच अठरा-वीस वर्षांचा पोरगा. त्यास कित्येकदां साहाय्यकही मिळत नाहींत. दोन्ही संघांतील एकेक माणूस निशाण घेऊन उभा राहतो. चित्रफीत नाहीं, बंदोबस्त नाहीं, मानधन नांवापुरतें. आणि समोर दहा-बारा वर्षांच्या खेळाडूंचे आईबाप, काका, आजोबा!

या मंडळींस नियम ठाऊक नसतात, पण मत ठाम असतें. एक उदाहरण देतों. खेळाडूस पाडलें, तरी चेंडू त्याच्याच संघाकडे राहून गोलाची संधि दिसत असेल, तर पंचानें शिट्टी न वाजवितां खेळ चालूं द्यावा, असा नियम आहे; कारण शिट्टी वाजविली तर अन्याय झालेल्याचेंच नुकसान होतें. पंच दोन्ही हात पुढें करून ती खूण देतो. काठावरचे आजोबा मात्र ‘आंधळा आहे काय!’ म्हणून ओरडतात. ज्यानें नियमाचा आत्मा ओळखला, त्यासच शिवी मिळते.

हा केवळ आपल्याकडील दोष नव्हे. पंचांवरील शिवीगाळ व मारहाण थांबावी म्हणून २०२३ सालीं इंग्लंडांत प्रौढांच्या हौशी सामन्यांतील पंचांच्या अंगावर लहान कॅमेरे लावण्याचा प्रयोग करावा लागला. ज्या देशानें खेळास नियम दिले, त्या देशावर ही वेळ आली! अपमान सोसून सोसून तरुण पंच शिट्टी ठेवून देतो, आणि जिन्याची खालची पायरी ओस पडली कीं वरच्या पायरीवर चढावयास कोणी उरत नाहीं. २००२ च्या विश्वचषकांत साहाय्यक पंच म्हणून काम केलेले भारताचे के. शंकर, २०१६ सालीं जॉर्डनमधील मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत काम केलेल्या गोव्याच्या ऊवेना फर्नांडिस, किंवा २०२२ सालीं पुरुषांच्या विश्वचषकाचा सामना चालविणाऱ्या पहिल्या स्त्री-पंच फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार, यांपैकीं कोणीही एकदम शिखरावर उतरलेलें नाहीं. लहानशा मैदानावर, कोणाच्या तरी काकांचे बोल ऐकत, तीं सर्व वर चढलीं.

आपण सर्व रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव आदरानें घेतों. त्यांची थोरवी कशांत? १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाला, तेव्हां प्रत्यक्ष पेशव्यांच्या घरांतील राघोबादादांविरुद्ध निवाडा देण्यास ते कचरले नाहींत, यांत. मुलांस ही गोष्ट आपण रात्रीं सांगतों, आणि सकाळीं मैदानावर निवाडा आपल्या नातवाविरुद्ध गेला कीं आपणांस रामशास्त्री नकोसा होतो. मूल गोष्टीवरून शिकत नाहीं, सकाळच्या वर्तनावरून शिकतें.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सामना पाहावयास जावें, टाळ्या वाजवाव्या, पण पंचाविषयीं मैदानावर अवाक्षर काढूं नये; तक्रार असेल तर ती संघाच्या प्रमुखानें रीतसर करावी. आणि घरांतील कोणी मुलगा वा मुलगी पंचाची परीक्षा द्यावयाची म्हणत असेल, तर ‘त्यांत काय मिळतें’ असें विचारूं नये. पोट भरण्याचा धंदा म्हणून ती वाट फार थोड्यांस पुरते, हें खरें. परंतु अपुऱ्या वेळांत निर्णय घेणें, तो सर्वांसमक्ष सांगणें, राग गिळणें, आणि दुसऱ्या दिवशीं निरीक्षकापुढें बसून स्वतःच्या चुका ऐकून घेणें, हें सर्व शिकविणारी शाळा इतकी स्वस्त दुसरी आढळत नाहीं. अशा शाळेंत चार वर्षें काढलेलें मूल पुढें कचेरींत बसो, वर्गांत उभें राहो कीं एकत्र कुटुंबाचा कारभार पाहो, त्याचें माप सर्वांस सारखें राहील.