साधी सायकल आणि विजेची सायकल

चाळीस वर्षें आमचे घरीं एकच सायकल नांदत आहे. सदाशिव पेठेंतून शाळेंत जाणें-येणें, मंडई, नातवंडांस दांडीवर बसवून पर्वतीकडे नेणें, हें सर्व तिच्यावरच झालें. परंतु बावधनास राहणाऱ्या आमच्या थोरल्या भगिनी आक्का यांचेकडे जावयाचें म्हणजे चांदणी चौकाचा चढ आडवा येतो, आणि गेलीं दोन वर्षें तेथें आमचे गुडघे साफ नकार देतात. आक्का गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणास खिळल्या आहेत. रिक्षा मिळत नाहीं असें नाहीं. पण दुसऱ्यावर विसंबून निघावयाचें म्हटलें कीं निघणेंच राहून जातें. असे पांच महिने गेले. हें लिहितांना संकोच वाटतो.

चिरंजीवांनीं विजेची सायकल सुचविली, ती आम्हीं हंसण्यावारी नेली. वीज ओढणार तर तिला सायकल कां म्हणावें ? मागाहून चौकशी करतां कळलें कीं, हिच्यांत दोन जाती आहेत. एकींत मूठ पिळली कीं पाय न हलवितां गाडी धांवते. व्याकरणाच्या भाषेंत हा प्रयोजक प्रयोग, बसणारा केवळ करविता. दुसरींत पायडल मारलें तरच मोटार हात देते, पाय थांबले कीं तीही थांबते, आणि वेग ताशीं २५ किलोमीटर झाला म्हणजे मदत बंद होते. मोटार २५० वॅटांच्या मर्यादेंतील असेल तर आपल्याकडे परवाना वा नोंदणी लागत नाहीं. साधारण प्रकृतीचा मनुष्य सलग तासभर ७५ ते १०० वॅट शक्ति लावूं शकतो, यावरून ही मदत केवढी हें ध्यानीं यावें.

मग व्यायाम बुडतो काय ? सन २०१९ मध्यें युरोपांतील सात शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत विजेच्या सायकलीवाल्यांचे एकंदर श्रम साध्या सायकलीवाल्यांच्या जवळपास भरले. कारण ते अधिक लांब जातात. आम्हांस हें अनपेक्षित होतें.

दोष आहेतच. हल्लींची साधी सायकल बारा-पंधरा किलो भरते, ही वीस-पंचवीस. बॅटरी वाटेंत संपली तर तो भार आपणच ओढावयाचा. गल्लींतला कारागीर साध्या चाकाचें पंक्चर तेव्हांच काढून देतो. मोटारीचें चाक पाहतांच कपाळास आठ्या घालतो. एक वेळ भरण्यास वीज अर्ध्या युनिटाहूनही कमी लागते, म्हणजे खर्च नगण्य; पण कांहीं शें वेळां भरल्यावर बॅटरीच निकामी होते व नवी घेतांना हिशेब उलटतो. मंडईपुरतें जावयाचें असेल तर आम्ही अद्यापि जुनीच बाहेर काढूं.

गेल्या रविवारीं सूनबाईंनीं शेजाऱ्यांची दुसऱ्या जातीची सायकल मागून आणली. चांदणी चौकाचा चढ आम्हीं न उतरतां चढला. दम लागला, पण गुडघ्यांनीं तक्रार केली नाहीं. आक्कांनीं आमचा हात हातीं घेतला व सदऱ्याची बाही चांचपून म्हणाल्या, "अरे, तुला घाम आला आहे. म्हणजे सायकलनेंच आलास !"

चार्जर बरोबर घेण्याचें आम्ही विसरलों होतों. परततांना चौकानंतर उतार होता, म्हणून निभावलें.