शिक्षा संपल्यावर पुढे काय?

अत्याचाराची वार्ता आली की फाशीची मागणी करावयाची, ही आमच्या सुशिक्षितांची रूढीच झाली आहे. बलात्कारास फाशी नको, असे न्या. वर्मा समितीने २०१३ साली सांगितले होते. तरी आमच्या विधिमंडळाने २०२१ साली फाशीची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक संमत केलेच! त्याचा कायदा मात्र झाला नाही. परंतु शिक्षा भोगून येरवड्याहून सुटलेला मनुष्य अवसरी बुद्रुकसारख्या गावी परततो, तेव्हा त्याला आवरावे कसे, हे ग्रामपंचायतीस कोणी शिकविले आहे काय? २०१८ पासून अशा गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही पोलिसांपाशी आहे. नोंदवहीने मन पालटत नाही.

मुख्यमंत्र्यांच्या नावाची फेलोशिप सरकारने २०१५ साली काढून तरुण पदवीधरांस कचेऱ्यांत बसविले. तशीच एखादी काढून दहा जणांस तुरुंगांत व गावांत का धाडू नये? गुन्हेगारावर पैसा खर्चणे हा पीडितेचा अपमान, असे कोणी म्हणेल. मग उद्याच्या मुलीचे रक्षण कोणत्या पैशाने करावयाचे? कॅनडात १९९४ साली अशा सुटलेल्या माणसाभोवती स्वयंसेवकांचे मंडळ बसू लागले; ते त्याला आधार देते आणि जाबही विचारते. जाब विचारण्याची सवय आमच्या गावकीस पुरेपूर आहे. आजवर तो मुलीलाच विचारला गेला, एवढेच.